कांद्यावर करपा दिसला? पंप भरण्याआधी पात नीट बघा

दोन दिवस आभाळ येतं, पहाटे धुकं पडतं आणि निफाड, येवला, चांदवड, देवळा, कळवण, सटाणा या सगळ्या कांदा पट्ट्यात एकच प्रश्न फिरायला लागतो: "भाऊ, कांद्यावर काय मारू?" व्हॉट्सअॅप ग्रुपवर पातीचे फोटो येतात. कुणी एक औषध सांगतो, कुणी दुसरं. संध्याकाळी कृषी सेवा केंद्रातून पिशवी भरून येते. त्यात एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक, एक टॉनिक, एक सूक्ष्म अन्नद्रव्य आणि वर स्टिकर असतं. सगळं एकाच टाकीत जातं. आठ दिवसांनी पात तशीच पिवळी दिसते, मग परत दुकान.

यात दोष फक्त औषधाचा नसतो. बऱ्याच वेळा फवारणी उशिरा झालेली असते. कधी ती चुकीच्या रोगावर होते, तर कधी जिथे रोगच नाही तिथे. करप्याच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: वाळलेली पात कुठल्याही औषधाने परत हिरवी होत नाही. औषध फक्त राहिलेली हिरवी पात वाचवतं. म्हणून काय मारायचं यापेक्षा कधी मारायचं आणि कशासाठी मारायचं हे आधी ठरवलं, तर पैसेही वाचतील आणि कांदाही.

पात गेली म्हणजे नेमकं काय जातं?

कांदा आडवा कापला की आत गोल गोल थर दिसतात. यातला बहुतेक प्रत्येक थर म्हणजे एका पानाचं बूड असतं. पान जितके दिवस हिरवं, तितके दिवस ते अन्न तयार करून खाली पाठवतं आणि थर जाड होतो. पानं लवकर वाळली की थर पातळ राहतात, कांदा फुगत नाही आणि मार्केटला गोल्टी निघते. लासलगावला किंवा पिंपळगावला ट्रॅक्टर लावल्यावर गोल्टीला काय भाव मिळतो, हे वेगळं सांगायला नको. चाळीत ठेवायचा उन्हाळ कांदा असेल तर नुकसान आणखी वाढतं, कारण नीट न पोसलेला, मान जाड राहिलेला कांदा टिकत नाही.

उन्हाळ कांदा लागवडीपासून साधारण ११० ते १२० दिवसांत निघतो. पहिले दोन महिने पात वाढते, त्यानंतर कांदा पोसतो. म्हणजे लागवडीनंतर ३० दिवसांपासून ७५-८० दिवसांपर्यंतची पात सांभाळली तर निम्म्याहून जास्त लढाई जिंकली असं समजा.

करपा एक नाही, तीन आहेत

आपण सगळ्याला "करपा आला" म्हणतो. पण बुरशी वेगळी, मोसम वेगळा आणि डागही वेगळा.

*जांभळा करपा.* ही अल्टरनेरिया नावाची बुरशी. सुरुवातीला पातीवर लहान, पांढुरके, थोडे खोलगट ठिपके पडतात. ते वाढून लांबट गोल होतात. मध्ये जांभळट रंग, कडेला पिवळसर पट्टा आणि नीट पाहिलं तर डागात एकात एक गोल रेषा दिसतात. डाग मोठा झाला की पात त्याच जागी मोडून खाली लोंबते. साधारण २१ ते ३० अंश तापमान आणि हवेत भरपूर ओलावा असला की हा जोर धरतो. जुन्या, बाहेरच्या पातीवर आधी येतो. बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये डोंगळ्याच्या दांड्यावर आला तर दांडाच मोडतो आणि बी भरत नाही.

*तपकिरी करपा.* ही स्टेम्फिलियम बुरशी. पातीच्या मधल्या भागात पिवळसर-नारिंगी लहान ठिपके किंवा रेघा येतात. त्या लांबत जाऊन दोन्ही टोकांना निमुळत्या होतात आणि पुढे तपकिरी पडतात. डाग एकमेकांत मिसळले की पात शेंड्यापर्यंत वाळते. याला थंडी आवडते, म्हणजे १५ ते २० अंश तापमान आणि सोबत ओलावा. म्हणून रब्बीत, थंडीच्या उत्तरार्धात धुकं-दव असताना आपल्याकडे बहुतेक वेळा हाच असतो. लोक मात्र त्यालाही जांभळा करपाच म्हणतात.

*काळा करपा आणि पीळ.* हा पावसाळ्यातला, म्हणजे पोळ कांद्याचा शत्रू. कोलेटोट्रायकम ही बुरशी. पातीच्या बुडाकडे राखाडी डाग पडतात आणि त्यावर बारीक काळे, उठावदार ठिपके गोलाकार दिसतात. पात पिळवटते, मान लांबते, रोप वेडंवाकडं होतं. पाणी साचणाऱ्या वाफ्यात हा आधी दिसतो आणि पावसाच्या थेंबांबरोबर झपाट्याने पसरतो.

आणि हा करपा नाही

फवारणीचा सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो.

– पातीवर चंदेरी-पांढुरके बारीक ओरखडे, पात वाकडी, कोकडलेली दिसली तर ते फुलकिडे म्हणजे थ्रिप्स. पोंग्यात, जिथे नवीन पात फुटते तिथे, पानं फाकवून बघा. पिवळसर, बारीक, पळणारे किडे दिसतील. रोप पांढऱ्या कागदावर झटकलं तरी पडतात.

– सगळ्या वावरात सारखेच शेंडे वाळलेत, पण पातीवर मध्ये डाग नाहीत? मग पाण्याचा ताण, खारं पाणी, खताचा जास्त डोस किंवा तणनाशकाचा चटका यापैकी काहीतरी असू शकतं. बुरशीनाशकाने यात काही होणार नाही.

– ९०-१०० दिवसांनंतर खालची पात पिवळी पडतेय, माना मऊ झाल्यात? पीक पक्व होतंय. त्याला आजार समजू नका.

– एखाद्याच चरीत, उतारावर खाली, पाणी थांबतं तिथे रोपं पिवळी आहेत? आधी उपटून मुळं बघा. मुळं कुजली असतील तर पातीवर मारून उपयोग नाही, पाण्याचा निचरा करा.

ओळख पटत नसेल तर मोबाइलवर तीन फोटो काढा: एक डागाचा अगदी जवळून, एक पूर्ण रोपाचा मुळासकट आणि एक वावराचा. सोबत लागवडीची तारीख आणि आधी काय मारलंय ते लिहा. हे कृषी विज्ञान केंद्राला किंवा कृषी सहायकाला पाठवलं तर उत्तर नेमकं मिळतं. नुसत्या एका पिवळ्या पातीच्या फोटोवरून कुणालाच नक्की सांगता येत नाही, जो सांगतो तो अंदाजच सांगतो.

बुरशी पातीत शिरते कशी?

बुरशीचे बीजाणू मागच्या हंगामातल्या वाळलेल्या पातीवर, बांधावर टाकलेल्या कचऱ्यात आणि कधी बियाण्यावरही राहतात. वाऱ्याने ते नव्या पातीवर येऊन पडतात. पात कोरडी असेल तर बहुतेक तिथेच पडून राहतात. पण पात तासन् तास ओली राहिली की ते रुजतात आणि आत शिरतात. धुकं, दव, रिमझिम पाऊस आणि संध्याकाळी चालवलेला तुषार संच या सगळ्यांनी पात ओली राहते.

आता थ्रिप्सचा संबंध बघा. थ्रिप्स पात खरवडून रस पितात. कांद्याच्या पातीवर मेणाचा थर असतो, तो या ओरखड्यांनी तुटतो आणि बुरशीला दार उघडं मिळतं. म्हणून थ्रिप्स मोकाट सोडून नुसतं बुरशीनाशक मारत राहिलात तर करपा आवरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बुरशी आत शिरल्यावर डाग दिसायला काही दिवस जातात. आज दिसणारा डाग मागच्या धुक्याचा असतो. म्हणूनच "डाग दिसल्यावर मारू" म्हणणारा शेतकरी नेहमी काही दिवस मागे राहतो.

अर्धा करपा लागवडीआधीच थांबतो

हे काम स्वस्त आहे, म्हणूनच बहुतेक वेळा राहून जातं.

१. *पात उचला.* काढणीनंतर कापलेली पात बांधावर, चाळीच्या मागे ढीग करून ठेवू नका. ती वावरापासून लांब खड्ड्यात कुजवा. नवं रोप मागच्या कांद्याच्या ढिगाशेजारी लावणं म्हणजे रोगाला आवतण देणं.

२. *फेरपालट.* त्याच वावरात कांद्यावर कांदा किंवा कांद्यावर लसूण टाळा. दोन-तीन वर्षांचा खंड मिळाला तर उत्तम. जमीन कमी असेल तर निदान रोपवाटिकेची जागा तरी दरवर्षी बदला.

३. *उळं टाकताना.* बियाण्याला किलोला २ ग्रॅम थायरम चोळा. रोपं गादीवाफ्यावर करा.

४. *रोप लावताना.* रोपांची मुळं कार्बेन्डाझिमच्या द्रावणात (लिटरला १ ग्रॅम) साधारण दोन तास बुडवून मग लावा. शेंडे फार कापू नका.

५. *अंतर.* १५ बाय १० सेंटिमीटर ठेवा. दाट लागवडीत वारा खेळत नाही आणि दव दुपारपर्यंत वाळत नाही.

६. *पावसाळ्यात रुंद गादीवाफा.* १२० सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर उंच वाफा आणि मध्ये ४५ सेंटिमीटरची चर. काळा करपा आणि पीळ याला हाच पहिला उपाय आहे.

७. *मक्याचा आडोसा.* प्लॉटच्या चारी बाजूंनी मक्याच्या दोन ओळी, किंवा बाहेर मका आणि आत गहू, कांदा लावण्याच्या महिनाभर आधी पेरा. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची ही शिफारस आहे. उडत येणारे थ्रिप्स अडतात, वर जनावरांना चारा होतो.

युरियाचा हात आखडा

काळीभोर, मऊ, लुसलुशीत पात बघायला छान वाटते, पण थ्रिप्स आणि बुरशी दोघांनाही तीच आवडते. रब्बी कांद्याला हेक्टरी ११० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी सुमारे ४४ किलो. सगळं नत्र युरियातून दिलं असं धरलं तरी हे साधारण दोन गोण्यांच्या आसपास जातं. आणि १०:२६:२६ किंवा डीएपी टाकलं असेल तर त्यातलं नत्र यातूनच वजा करायचं. एक हिस्सा लागवडीला, बाकीचं ३० आणि ४५ दिवसांनी. साठ दिवसांनंतर युरिया टाकला की पात वाढते, मान जाड होते, रोग वाढतो आणि चाळीतला कांदा सडतो. शेजाऱ्याने टाकला म्हणून आपण टाकायचा नाही.

पाण्याचंही तसंच आहे. ठिबक असेल तर पात कोरडी राहते. तुषार असेल तर सकाळी चालवा, म्हणजे उन्हात पात वाळते. संध्याकाळी चालवला की रात्रभर पात ओली.

फवारणी: कधी, काय, किती

आता औषधाकडे येऊ. लागवडीनंतर ३० दिवसांनी आठवड्यातून दोनदा वावरात फिरायची सवय लावा. फक्त बांधावरून बघू नका. पाच ठिकाणी थांबून प्रत्येकी पाच-सहा रोपं हातात घेऊन पाहा.

*आभाळ आहे, धुकं आहे, डाग अजून नाहीत:* इथे स्पर्शजन्य औषध पुरेसं. मॅन्कोझेब ७५ टक्के, लिटरला २.५ ग्रॅम. हे पातीवर थर करतं आणि बुरशीला आत शिरू देत नाही. आत शिरलेल्या बुरशीवर त्याचा इलाज नाही, म्हणून ते वेळेआधीच मारायचं.

*डाग दिसायला लागलेत, हवा अजून ओली आहे:* आता आंतरप्रवाही औषध घ्या. डायफेनोकोनॅझोल २५ टक्के ईसी, प्रोपिकोनॅझोल २५ टक्के ईसी किंवा हेक्झाकोनॅझोल ५ टक्के ईसी, यापैकी एकच, लिटरला १ मिली. टेब्युकोनॅझोलही याच कामाचं आहे, प्रमाण लेबलवरचं घ्या.

*पुढची फवारणी:* हवा तशीच राहिली तर १० ते १५ दिवसांनी, पण औषध बदलून. वर सांगितलेली चारही "कोनॅझोल" एकाच गटातली आहेत. डायफेनोकोनॅझोलनंतर टेब्युकोनॅझोल मारलं तर बाटली बदलते, औषध नाही. बुरशी त्या गटाला सरावते आणि दोन-तीन वर्षांत तेच औषध लागू पडेनासं होतं. मध्ये मॅन्कोझेब किंवा अझॉक्सिस्ट्रॉबिनसारखं वेगळ्या गटातलं घ्या. काही बाटल्यांत दोन घटक आधीच मिसळलेले असतात. अशी बाटली घेतली तर तोच घटक वेगळा आणून वरून टाकू नका.

*थ्रिप्स:* रोपाला सरासरी ३० च्या वर गेले की कीटकनाशकाची वेळ आली. त्याआधी निंबोळी अर्कावर भागतं. कीटकनाशकाचेही गट बदलत राहा.

*ऊन पडलं, हवा कोरडी झाली, डाग वाढत नाहीत:* थांबा. दहा दिवस झाले म्हणून फवारणी करायचीच, असा काही नियम नाही.

पंपाचा हिशेब सोपा आहे. १५ लिटरच्या पंपाला मॅन्कोझेब ३७ ते ३८ ग्रॅम, २० लिटरच्या पंपाला ५० ग्रॅम. लिटरला १ मिलीचं औषध असेल तर १५ लिटरला १५ मिली. एकराला साधारण २०० लिटर पाणी लागतं, म्हणजे १५ लिटरचे १३-१४ पंप. सहा-सात पंपांत एकर उरकला तर निम्मी पात कोरडीच राहते, आणि मग "औषध लागू पडलं नाही" असं आपण म्हणतो.

कांद्याची पात उभी, गोल आणि मेणचट असते. थेंब घरंगळून खाली जातो. म्हणून स्टिकर हवंच, लिटरला अर्धा मिलीच्या आसपास. नोझल बारीक फवारा देणारं घ्या. सकाळी दव वाळल्यावर किंवा दुपारनंतर वारा पडल्यावर मारा. दवात मारलेलं औषध दवाबरोबरच ओघळतं.

टाकीत भाजीपाला करू नका

पाच औषधं एकत्र केली की काय होतं? काही एकमेकांत फाटतात आणि तळाशी साका बसतो. काहींनी पातीला चटका बसतो आणि तो चटका आपण परत करपा समजतो. शिवाय कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. फार तर एक बुरशीनाशक आणि गरज असेल तर एक कीटकनाशक, एवढंच. तेही आधी बाटलीभर पाण्यात थोडं मिसळून अर्धा तास ठेवून बघा. गुठळ्या झाल्या, थर बसला तर एकत्र करू नका.

दुकानात ब्रँडचं नाव विचारू नका, "घटक कोणता?" ते विचारा. लेबल आणि सोबतचं माहितीपत्रक वाचा. त्यावर कांदा पीक आहे का, रोग कोणता लिहिलाय, फवारणी आणि काढणीत किती दिवसांचं अंतर हवं, या तीन गोष्टी बघा. पक्कं बिल घ्या आणि रिकामी बाटली हंगाम संपेपर्यंत ठेवा. उद्या तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.

फवारणी करताना तोंडाला फडकं, हातात मोजे, अंगभर कपडे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून मारू नका. मध्येच तंबाखू मळू नका. डोकं दुखलं, मळमळलं तर काम थांबवा आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा.

कधी थांबायचं?

वावरात निम्म्या माना पडल्या की कांदा काढणीला आला. त्याच्या १०-१५ दिवस आधीच पाणी तोडायचं असतं. या टप्प्यावर पातीवर करपा दिसला तरी औषध मारून कांदा वाढणार नाही. तो खर्च सरळ तोट्यात जातो, वर कांद्यावर औषधाचा अंश राहतो. ९५ दिवसांच्या प्लॉटवर कुणी "एक हात मारून घे" म्हटलं तर त्याला विचारा, आता पोसायला दिवस किती राहिलेत?

उलट ४५ दिवसांच्या प्लॉटवर चार डाग दिसले आणि पुढचे चार दिवस आभाळ सांगितलंय, तर दुर्लक्ष करू नका. तिथे एक वेळेवरची फवारणी पुढच्या तीन फवारण्या वाचवते.

हवामान खिशात आहे

हवामान विभागाचं मेघदूत अॅप मोबाइलवर घ्या. जिल्हानिहाय हवामान आणि पीक सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी मराठीतून मिळतो. पुढचे चार-पाच दिवस आभाळ, पाऊस, जास्त आर्द्रता दिसली की मॅन्कोझेबची तयारी ठेवा. शंका असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आणि शेवटचं काम, घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराकडून करून घेतलं तरी चालेल. एक वही करा. लागवडीची तारीख, कोणत्या दिवशी काय मारलं, घटक कोणता, खर्च किती आणि आठ दिवसांनी पात कशी होती, एवढंच लिहा. कांद्याचा भाव आपल्या हातात नाही. लिलावात काय पुकारलं जाईल ते कुणालाच माहीत नसतं. पण एकरी फवारणीवर किती गेले आणि त्यातले किती वायफळ गेले, हे हंगामाच्या शेवटी त्या वहीत दिसेल. पुढच्या वर्षी पहिलं धुकं पडेल तेव्हा दुकानाच्या आधी ती वही उघडा.